घर क्रमांक पंचावन्न

बोडीटोल्याच्या ग्रामपंचायतीसमोर त्या सकाळी इतकी माणसं लोटली होती की चपलांचा पसारा पार हातपंपापर्यंत गेला होता. आत देव नव्हता. आत होता एक कॉम्प्युटर, आणि तोही बंद पडलेला.

पण बंद तरी कसा म्हणावा? बटण दाबलं की पंखे गरगर फिरायचे, पडदा काळाच राहायचा, आणि पोटातून एक लांबलचक आवाज निघायचा, टूंऽऽ. जरा थांबायचा आणि पुन्हा टूंऽऽ. नागपुरातलं गेम खेळायचं एक दुकान बंद झालं, तेव्हा ग्रामपंचायतीनं हा जुना डबा उचलून आणला होता. पोरांच्या हौसेचा डबा तो, एक बाजू अख्खी काचेची. काचेतून आतल्या वायरी, पट्ट्या, पंखे सगळं दिसायचं. तळाच्या कोपऱ्यात दोन आकडे मावतील एवढी एक लाल खिडकी होती. एरवी तिथं काहीबाही पळायचं, म्हणून कोणी लक्ष देत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मात्र तिथं एकच आकडा येऊन बसला होता. पंचावन्न.

गाव कासावीस झालं होतं ते उगाच नाही. धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, सातबारा चढवावा लागतो, शेतकऱ्याचा फोटो काढावा लागतो. लवकर येणारा हलका धान कापणीला आला होता, नोंदणीचे पाच दिवस उरले होते, आणि भंडाऱ्याचा मेकॅनिक फोनवर सांगत होता की पुढच्या आठवड्याआधी जमणार नाही. अशा वेळी जो कोणी मदतीला येईल तो देव, असं माणसाला वाटतंच. बोडीटोल्यात भैय्यालाल महाराज आले.

महाराज मूळचे कुठले हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी गोसीखुर्दकडचे म्हणे, कोणी बालाघाटकडचे. कपाळभर भस्म, गळ्यात चार माळा आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दोन दिवसांपासून ते तेजरामच्या घरी उतरले होते आणि दोन्ही वेळा तूप घातलेला भात जेवून गावाच्या कल्याणाची काळजी वाहत होते.

"हे यंत्र बिगडलं नाई!" महाराजांनी काचेवर हात ठेवून गर्जना केली. "हे यंत्र बोलून राहिलं! ये वाणी है, वाणी! तुमाले ऐकू येत नाई, मले येते."

टूंऽऽ, यंत्रानं दुजोरा दिला. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले.

कॉम्प्युटरमागच्या खुर्चीत राखी बसली होती. वय सव्वीस, शिक्षण बी.ए., ग्रामपंचायतीची ऑपरेटर. घरपट्टीच्या याद्या, जन्माचे दाखले, धानाच्या नोंदण्या, सगळं तिच्या हातून जायचं. तिला महाराजांची वाणी ऐकू येत नव्हती, पण अंगावर काटा आला होता. कारण आता हे प्रकरण कुठं तरी, कोणाच्या तरी अंगावर जाऊन पडणार, हे तिला दिसत होतं.

"आकडा झूट बोलत नाई," महाराज म्हणाले. "पंचावन! गावात पंचावन काय हाय?"

कोणी म्हणालं पंचावन्न एकर गायरान, कोणी म्हणालं पंचावन्न सालचा महापूर. महाराजांनी डोळे मिटले, डोकं मागं टाकलं, आणि अंतर्ज्ञान झाल्यासारखे बोलू लागले.

"घर दिसून राहिलं. दाराचं तोंड पश्चिमेकडं. आंगनात शेवग्याचं झाड. एकटी बाई. नवरा खाऊन बसलेली. तिच्या हाताचं अन्न लेकरं खातेत, हो का नाई?"

सगळ्या माना एकदम वळल्या. दाराशी चंदामावशी उभी होती. गावातल्या शाळेत खिचडी शिजवणारी, पन्नाशीची, एकटी. पश्चिमेकडं तोंड असलेल्या तिच्या घराच्या अंगणात शेवगा होता, आणि दारावरच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर ग्रामपंचायतीनंच ठोकलेला नंबर होता, पंचावन्न.

गर्दीतून जो हुंकार निघाला, तो राखीला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला. महाराज त्या घरी कधी गेले नव्हते. त्यांना कसं कळलं? चमत्कार!

कसं कळलं ते राखीला चांगलं कळलं होतं. दोन दिवस ज्याच्या घरी तूपभात झाला, त्या तेजरामला आपल्या बायकोसाठी शाळेतलं ते खिचडीचं काम हवं होतं. गेली दोन वर्षं तो चंदामावशीच्या नावानं बोटं मोडत होता. पण हे सांगायचं कोणाला, आणि ऐकणार कोण?

"करनी केली हिनं," महाराजांनी निकाल दिला. "चार वाजेपर्यंत हिनं गावाची शीव ओलांडाची. नाई तं नोंदनी होनार नाई, धान घरातच सडन, आनि मंग मले बोल लावाचा नाई."

"लेकराले आता हिच्या हातचं नाई देऊ बाप्पा," एक बाई पदर सावरत म्हणाली. काल-परवापर्यंत तिचीच दोन पोरं चंदामावशीकडून दुसऱ्यांदा खिचडी मागून घेत होती.

चंदामावशी रडली नाही. तिनं कमरेला पदर खोचला.

"मी नाई जात," ती म्हणाली. "तीस वर्स झाले या गावात. माझा नवरा तापानं मेला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात मेला, तुमीच खांदा देला. काहून जाऊ मी? त्या डब्यानं सांगतलं म्हनून?"

"चार वाजेपर्यंत," तेजराम म्हणाला. त्याच्या मागं आठ-दहा माणसं उभी होती, आणि त्यांच्यापैकी कोणीही हसत नव्हतं.

राखीनं चंदामावशीकडं पाहिलं. पहिली ते सातवी ती याच बाईच्या हातचं जेवली होती. डबा न आणलेल्या पोरीला लाज वाटू नये म्हणून चंदामावशी तिचं ताट सगळ्यांत आधी वाढायची. आणि आज राखी खुर्चीत बसून राहिली होती. सरपंच गोदावरीबाई समोर होत्या, नोकरी त्यांच्या सहीनं टिकत होती. राखीचं तोंड उघडलं नाही. ही गोष्ट तिनं नंतर कधी लपवली नाही, म्हणून इथंही लपवत नाही.

गर्दी पांगल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि कपाटातून कॉम्प्युटरबरोबर आलेला खोका खाली काढला. त्यात धूळ खात पडलेलं एक पुस्तक होतं. कोणी कधी उघडलं नव्हतं. आपल्याकडं मशीन आलं की नारळ आधी फुटतो आणि पुस्तक कपाटात जातं. राखीनं शेवटची पानं उलटली. तिथं दोन आकडी नंबरांचा भलामोठा तक्ता होता, आणि वर लिहिलं होतं की कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. तो जिथं अडतो त्या पायरीचा नंबर खिडकीत दाखवतो. तिचं बोट घसरत घसरत पंचावन्नवर आलं.

पंचावन्न: मेमरी सापडत नाही.

एवढंच. शेवगा नाही, पश्चिम नाही, बाई नाही.

तिनं काचेचं दार उघडलं. मेमरीची, म्हणजे रॅमची, पट्टी बोर्डावर उभी होती आणि तिच्याभोवती लाल धागा बांधला होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा सरपंचबाई म्हणाल्या होत्या, "बाहेरून काय कुकू लावतेस वं, जीव तं आत हाय त्याचा." राखीनंच दार उघडून दिलं होतं. गोदावरीबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि सगळ्यांत ताठ उभी दिसली त्या पट्टीला धागा बांधला. चार दिवस तो धागा राखीला काचेतून रोज दिसत होता. पण पूजेचा धागा कोण सोडवेल? तीही नाही. तिनंही रोज बाहेरूनच नमस्कार केला होता.

धागा आवळताना पट्टीला धरून ठेवणारा प्लास्टिकचा एक कान सैल झाला होता आणि पट्टी केसभर वर उचलली गेली होती. राखीनं धागा सोडवून टेबलावर ठेवला आणि पट्टी अलगद उपसली. खालच्या खाचेत कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा फसला होता.

तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला. एका अक्षतेपायी एक बाई गावाबाहेर!

तिनं दाणा काढून जपून ठेवला, खाच मऊ ब्रशनं झाडली, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले आणि पट्टी कट् आवाज होईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं. खिडकीत आकडे भराभर पळाले आणि पडदा उजळला.

आता धावत जाऊन गावाला सांगावं, असं वाटून ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथं तिचे पाय थबकले. आत्ता सांगितलं की कॉम्प्युटर सुरू झाला, तर महाराज काय म्हणतील? म्हणतील, बघा, बाईला हाकलायचं ठरलं आणि यंत्र शांत झालं! दुरुस्त केलेलं मशीनही चंदामावशीच्याच विरुद्ध साक्ष देईल. नाही, नुसतं दुरुस्त करून भागणार नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते बिघडवून दाखवावं लागणार होतं.

राखी परत खुर्चीत बसली आणि तिनं तो तक्ता पुढ्यात ओढला. एकेक भाग काढून ती बघत राहिली. पडद्याला चित्र पुरवणारं कार्ड काढलं तेव्हा खिडकीतले आकडे पळता पळता बासष्टवर थांबले. बासष्ट. दोन वर्षं घरपट्टीचं रजिस्टर तिनं स्वतःच्या हातानं भरलं होतं. कोणत्या नंबरात कोण राहतं हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तिनं कार्ड तसंच बाहेर ठेवलं आणि चार वाजण्याची वाट बघत बसली.

चार वाजता सकाळपेक्षा जास्त गर्दी होती. चंदामावशी मधोमध उभी होती, हातात गाठोडं वगैरे काही नव्हतं.

"महाराज," राखी हात जोडून म्हणाली, आणि तिचा आवाज कापला तो खराच कापला. "यंत्र आखीन काही सांगून राहिलं. आकडा बदलला."

महाराजांच्या भुवया वर गेल्या. राखीनं बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला, लाल खिडकीत आकडे पळाले आणि थांबले. ६२. गर्दीतून पुन्हा तो हुंकार निघाला.

एवढ्या लोकांपुढं गप्प बसणं महाराजांच्या धंद्यात बसणारं नव्हतं. त्यांनी लगेच डोळे मिटले.

"बासट! मी सकाळीच म्हनलो होतो. एकटीचं काम नाई हे. दुसरी बाई हाय सामील. तिच्याहून भारी! तिच्या घरात करनीचं सामान पुरलं हाय. चुलीखाली. हिलेही काढा गावातून, आजच्या आज!"

"पक्कं ना महाराज?" राखीनं विचारलं. "घर दिसून राहिलं का तुमाले?"

"साफ दिसून राहिलं. पडकं घर हाय. दळिद्री. पाप भरलं हाय तिथं."

राखीनं घरपट्टीचं रजिस्टर उघडलं आणि ते सरपंचबाईंच्या पुढ्यात धरलं. "काकू, तुमीच वाचा."

गोदावरीबाईंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. "घर क्रमांक बासट," त्या हळूच म्हणाल्या. "तेजराम."

तेवढ्यात मागून तेजरामच्या बायकोचा, शकुनबाईचा आवाज आला, आणि तो महाराजांच्या गर्जनेपेक्षा मोठा होता.

"दळिद्री? दोन दिस माह्या चुलीवरचा भात गिळला ना बे तू? तवा नाई दिसलं चुलीखालचं सामान? तूप वाढतानी पाप नाई दिसलं?"

लोक असे हसले की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. महाराज घाईघाईनं म्हणाले, वाणी कधी कधी उलटी येते, ग्रहांमुळे. तेजराम कोणाकडंच बघत नव्हता.

"हसू नका," राखी म्हणाली. तिचा आवाज आता कापत नव्हता. "सकाळी पंचावन आला तवा कोनी नाई हसलं. बासट आला तवा काहून हसता? खिडकी तीच, मशीन तेच, महाराज तेच. सकाळी खरं होतं तं आता शकुनकाकूले बी काढा गावातून. काढता?"

सगळ्या माना शकुनबाईकडं वळल्या.

"हे पाहा." तिनं टेबलावरचं कार्ड उचलून सगळ्यांना दाखवलं. "हे मी मुद्दाम काढून ठेवलं होतं. हे नसलं की हे मशीन बासटवर अडते." तिनं कार्ड बसवलं, बटण दाबलं, पडदा उजळला. लोक पुढं सरकले. मग तिनं मशीन बंद केलं, रॅमची पट्टी काढली, तांदळाचा तो लाल दाणा खाचेत ठेवला, वर पट्टी टेकवली आणि पुन्हा बटण दाबलं.

टूंऽऽ. पंचावन्न.

"सकाळची वाणी हेच म्हनून राहिली होती, मेमरी सापडत नाई. पुस्तकात लिवलं हाय, ज्याले वाचता येते त्यानं वाचावं. मशीन कोनाचं घर दाखवत नाई. कोठं अडलं ते दाखवते. ताप आला तं अंग गरम होते, तसं. आन हा दाना कोनी टाकला? चंदामावशीनं नाई टाकला. दसऱ्याच्या पूजेत पडला. दार मी उघडून देलं होतं. चार दिस धागा मले दिसत होता, तरी मी हात नाई लावला. चूक माही आहे. आन सकाळी या बाईले तुमी काढून राहिले होते तवा मी खुर्चीत बसून होती, ते त्याहून मोठी चूक."

गोदावरीबाई खाली बघत होत्या. मग त्या उठल्या, टेबलावरचा लाल धागा त्यांनी उचलला आणि मुठीत धरला. "अक्षता मी टाकल्या," त्या म्हणाल्या. "धागा बी माहाच." सरपंचाच्या खुर्चीवरून हे बोलायला जे लागतं ते त्यांच्याकडं निघालं, हे कबूल करायला हवं.

"मंग दोष कोनाचा?" म्हातारा चिंधू अजून गोंधळलेला होता. "काई तरी दोष असनच ना माय."

"बसा, आजा, दाखवते." राखीनं पट्टी काढली, दाणा टिपून चिंधूच्या तळहातावर ठेवला, खाच झाडली, पट्टी दाबून बसवली. "आता आकडे वाचा जोरानं. ज्याचं घर येईन त्यानं हात वर करा. बटन कोन दाबन?" तिनं गर्दीकडं पाहिलं. "चंदामावशी, ये. तूच दाब. याच हाताची बाधा सांगतली ना महाराजानं?"

चंदामावशी पुढं आली. तिनं पदराला हात पुसले आणि बटण दाबलं.

खिडकीत आकडे पळू लागले. "एकोनीस!" कोणी ओरडलं. "बत्तीस! माहं घर!" "त्रेचाळीस, चिंधूआजा, तुमी!" "एकोनऐंशी!" मधेच अक्षरं मिसळली, पुन्हा आकडे आले, हात वर होत गेले, खाली आले, आणि सगळे हसत असताना राखी मात्र हसत नव्हती. शेवटी आकडे संपले, खिडकीत दोन इंग्रजी ए येऊन थांबले आणि पडदा निळा झाला.

"पाह्यलं? धड चालू होतानी बी अर्ध्या गावाचे नंबर येऊन गेले," ती म्हणाली. "या गावात असं एकबी घर नाई ज्याचा नंबर कोठं ना कोठं निघनार नाई. आज पंचावन निघाला. उद्या तुमचा निघन. तवा तुमाले कोन वाचवन? महाराज? का मंग कोनीतरी पुस्तक उघडून पाहीन म्हनून वाट पाहान?"

महाराज तेवढ्यात चपला शोधायला हातपंपाकडं सरकले होते. दोन पोरांनी त्यांची वाट अडवली.

"थांबा ना महाराज," चंदामावशी म्हणाली. "कायदा आहे आता जादूटोन्याच्या विरोधात. बाईवर करनीचं नाव लावनं गुन्हा आहे, आमच्या शाळेच्या भिंतीवर लिवलं आहे, रोज वाचते मी. साकोलीच्या पोलीस ठान्यात जाऊ आपन. तेजरामभाऊ, तुमी बी चला."

महाराज आणि तेजराम चंदामावशीबरोबर खरंच गेले, आणि चार साक्षीदारही गेले. सरपंचबाईंनी स्वतः गाडी काढली. ठाण्यात पुढं काय होईल ते कायदा पाहील. पण बोडीटोल्यातून शीव ओलांडून त्या दिवशी कोण गेलं, हे सगळ्या गावानं पाहिलं.

आता वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. तुमच्याही घरी एखादं यंत्र टूं करेल, एखादं लेकरू फणफणेल, एखादी म्हैस आटेल. त्या प्रत्येक गोष्टीमागं कारण असतं आणि ते बहुतेक वेळा तांदळाच्या दाण्याएवढं असतं. ते शोधायला वेळ लागतो, कंटाळा येतो, कधी आपलीच चूक निघते. म्हणूनच दुसऱ्याच्या दारावरचा नंबर वाचणारा माणूस आपल्याला इतका आवडतो. त्याला पहिला प्रश्न विचारा. दुसरा विचारा. आणि कोणाला गावाबाहेर काढायची भाषा सुरू झाली, तर राखीसारखं सकाळी गप्प बसू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ग्रामपंचायत उघडली. नोंदणीची रांग हातपंपापर्यंत होती. कोणीच न सांगता लोक बाजूला झाले आणि चंदामावशीला पुढं जाऊ दिलं. तिच्या नावावर एवढासा बांधीचा, म्हणजे भातशेताचा, तुकडा होता, त्यातला धान तिलाही विकायचा होता. शाळेच्या घंटेआधी तिला खिचडी चढवायची होती, म्हणून ती घाईत होती.

राखीनं सातबारा चढवला, फोटो काढला, पत्त्याच्या रकान्यावर आली. तिला नंबर माहीत होता. तरी तिनं विचारलं.

"घर क्रमांक, मावशी?"

चंदामावशी रांगेकडं वळली आणि मागच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पंचावन."